मोठा सप्लाय

"आफ्रीनबाई, याले मोठा पॉवर सप्लाय टाकून द्या," श्रावणभाऊ म्हणाले. पोराचा गेम खेळायचा कॉम्प्युटर त्यांनी ऊर्जानगरहून ऑटोत घालून माझ्या दुकानात आणला होता.

मी माठातलं पाणी दिलं. स्टीलचा ग्लास हातात धरून ते खुर्चीत बसले आणि त्यांनी डोळे मिटले.

मे महिन्याची दुपार. कूलर नुसती गरम हवा फेकत होता. सकाळपासून बसून माझी पाठ आंबली होती.

कॉम्प्युटरचा डबा उघडला. ग्राफिक्स कार्ड जबरदस्त आणि त्याला वीज देणारा सप्लाय अगदीच छोटा. त्यात पोरानं प्रोसेसरचा स्पीडही वाढवून ठेवलेला. असं मशीन गेम सुरू होताच वीज अपुरी पडून बंद पडायला पाहिजे.

"मधातच बंद पडते का, भाऊ?"

"नाई. ते कधीच नाई पडत."

मी मशीनवर पूर्ण लोड टाकून पाहिला. चाललं. स्पीड आणखी वाढवला, तर तापमान चढायच्या ऐवजी उतरलं. दुकानात त्रेचाळीस अंश, प्रोसेसर तीस. नुसत्या पंख्यानं कोणतंच मशीन खोलीपेक्षा थंड होत नाही, हे मी नव्या गिऱ्हाइकांना रोज सांगते.

सेन्सर बिघडला असेल म्हणून मागच्या जाळीला हात लावला. गार वारा येत होता. इतका बरा वाटला की हात काढवेना. दुसऱ्या हातानं मी स्पीड अजून थोडा वाढवला.

मागून बुडबुड आवाज आला.

श्रावणभाऊंच्या हातातलं पाणी उकळत होतं. ग्लास त्यांनी सोडला नव्हता.

"म्हणून म्हटलं, बाई, मोठा टाका," ते डोळे न उघडता म्हणाले. "मले आता झेपत नाई."