दोन डाव्या बाह्या

या पोरीला हसायला ना जागा लागते ना वेळ, आणि कारण तर नाहीच नाही. मास्तरांची नाडी बघता बघता डॉक्टरांच्याच पोटात गुरगुरलं, तर ही बया तोंडावर हात दाबून दाराआड पळाली. घरात सासरा असा बसलेला, आणि सून खिदळते! सासूनं, म्हणजे काकूंनी, त्याच दिवशी बजावलं होतं, "मास्तर बरे होईपर्यंत या घरात कुणाचे दात दिसता कामा नयेत."

त्याला दोन महिने झाले. दात दिसले नाहीत, आणि मास्तरही बरे झाले नाहीत. अर्धांगाच्या झटक्यानं तोंड एका बाजूला ओढलं गेलं ते गेलंच, उजवा हातही लुळा पडला. चाळीस वर्षं गिऱ्हाइकाच्या खांद्यावर टेप टाकून जगभरच्या गप्पा हाणणारा शिंपी दुकानामागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसायचा. काकू शेजारी बसून चमच्यानं भरवत, हात हलवा म्हणून कानीकपाळी ओरडत. चार चमच्यांनंतर मास्तर ओठ मिटून घेत.

"जीभ सुटेल, हातही वळेल," डॉक्टर सकाळीच सांगून गेले होते. "पण त्यांनाच नको आहे, काकू. असेच बसून राहिले तर तो हात कायमचा गेला समजा."

त्या दुपारी दोन भावांचे कोट द्यायचे होते. कापड एकच, मापंही जवळपास सारखी. शिलाई सुनेची. दुकानातला पुतळा हडकुळा, म्हणून एक कोट काकूंनी मागच्या खोलीत येऊन स्वतःच्याच अंगावर चढवला. खांदे त्यांचे कुठल्याही पुरुषाला भारी. डावा हात सरळ गेला. उजवा कोपरात अडला आणि पाठीमागे वळला.

"हे काय गं?"

सुनेनं दोन्ही बाह्या चाचपून बघितल्या. "आई... दोन्ही डाव्याच बसल्या वाटतं. म्हणजे त्या दुसऱ्या कोटाला..."

"दोन्ही उजव्या! अगं, डोळे कुठं ठेवले होतेस?"

काकू बोट उगारायला गेल्या. डावा हात पुढे आला, उजवा पाठ खाजवायला निघाल्यासारखा मागेच. तो ओढून पुढे आणावा, तर अख्खा कोट फिरला आणि कोटाबरोबर काकूही. सुनेनं ओठ चावले, श्वास कोंडला, डोळे घट्ट मिटले. शेवटी नाकातून फुर्रर्र झालंच.

"हस! खुशाल हस! सासूचं बुजगावणं करून ठेवलंस आणि वर..."

खुर्चीतून घर्र असा आवाज आला.

"ठसका लागला यांना! पाणी आण, पाणी!" एक हात तसाच मागे, अशा काकू धावल्या.

ठसका नव्हता. मास्तरांनी भिंतीकडून मान वळवली होती. अर्धं तोंड हसत होतं, अर्धं नुसतंच बघत होतं. लाळ हनुवटीवर उतरली होती आणि खांदे गदागदा हलत होते. काकूंचं ते ध्यान जवळ आलं तसे ते आणखीनच हसले. काकूंनी तोंड पुसायला रुमाल पुढे केला, तर त्यांनी मान बाजूला घेतली. मांडीवरचा उजवा हात थरथरत वर आला. बोटं उघडली.

"ख... खडू."

सुनेनं कपड्यावर खुणा करायचा खडू दिला. तो दोनदा पडला. दोन्ही वेळा तिनं उचलून दिला, दोन्ही वेळा सासरा-सून दोघं हसली. तिसऱ्यांदा त्यांनी काकूंना वाकवून, बाही जिथं खांद्याला जोडली होती तिथं रेघ ओढली. रेघ डगमगत गेली, पण शिवणीवरून हलली नाही.

"उसव," मास्तर म्हणाले. स्वच्छ म्हणाले.

काकू कोट न काढताच उभ्या राहिल्या. सुनेच्या गालाला खडू लागला होता, तो त्यांनी अंगठ्यानं पुसला, जरा जोरातच.

"शिवणकाम तुझ्या हातात नाही, या जन्मी येईल असं दिसतही नाही. मशीनवर मी बसते. उद्यापासून तू इथं बसायचं, यांच्याजवळ. आणि ते तोंड दाबून हसणं बंद कर. एका कानानं कमी ऐकू येतं त्यांना."