झडतीआधी पुढचा भाग

पळालेले गुलाम पकडणारा रूफस झडतीचा कागद घेऊन ओहायोतल्या कादंबरीकार टॅबिथाबाईंच्या दारात आला, तेव्हा पळून आलेली केझाया त्यांच्या तळघरातच होती.

"झडती नंतर. आधी सांगा बाई, साप्ताहिकातल्या तुमच्या गोष्टीतली ती पोर सुटते का? माझ्या बायकोनं रडून रडून स्वयंपाक सोडलाय!"

"बसा, पुढचा भाग वाचते."

बाईंनी कोरा कागद समोर धरला आणि तळघरात ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात वाचलं: पकडणारा दिवाणखान्यात गोष्ट ऐकत बसतो, पोर मागच्या दारानं दूधवाल्याच्या गाडीत शिरते आणि गुलामगिरी नसलेल्या कॅनडाच्या वाटेला लागते.

मागं गाडी खडखडत निघून गेली. रूफसनं डोळे पुसले.

 

"सुटली, बरं झालं! पण बाई, पकडणारा इतका येडा नका दाखवू. लोकांना पटत नाही."