गुणाची पोर

"किती गुणाची पोर! एक अक्षर चुकलं तरी अख्खं पान पुन्हा लिहायची," सलाइन लावलेल्या भाचीचा हात कुरवाळत आत्या म्हणाली. "आता डाएटसुद्धा कसं काटेकोर पाळते बघा."

हेमलताच्या अंगाचा तिळपापड झाला. तिची पंधरा वर्षांची शर्वाणी उपाशी राहून शाळेत कोसळली होती. चूक सहन न होण्याचा जो स्वभाव घरानं कौतुकानं वाढवला, तोच आता तिला जेवू देत नाही, असं डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं.

"वन्सं, पुरे!" ती कडाडली. "पोर मरता मरता वाचलीय. हेच कौतुक करायचं असेल तर बाहेर व्हा!"

आत्या फणकाऱ्यानं निघून गेली. शर्वाणी पुटपुटली, "सॉरी आई, माझ्यामुळे भांडण झालं."

"सॉरी कसलं म्हणतेस? तुला माझा राग येत नाही का गं कधी?"

शर्वाणी उशीला टेकून उठून बसली. मग आयुष्यात पहिल्यांदा ती आईवर ओरडली, "नव्व्याण्णव मिळाले तेव्हा एक मार्क कुठे गेला, असं का विचारलंस? का विचारलंस तू?"

हेमलतानं खुर्ची पलंगाजवळ ओढली. ती मान खाली घालून ऐकत राहिली, आणि शर्वाणी ओरडत राहिली.