सामाईक नाना

नानांच्या वर्षश्राद्धाला हेरंब सकाळच्या गाडीने घरी पोचला, तेव्हा शरयूताई शेपूची भाजी फोडणीला टाकत होती. तो स्वयंपाकघराच्या दारातच थबकला.

"ताई, शेपू? नाना तर पानात तसाच टाकायचे."

"काहीतरीच काय! शेपू म्हणजे नानांचा जीव की प्राण," ताई म्हणाली. कोथिंबीर निवडत बसलेला धाकटा मल्हारही त्याच क्षणी, त्याच सुरात, तेच वाक्य बोलला.

नाना गेल्यावर, डोक्यातल्या चिपमध्ये घरच्या आठवणी ज्याने त्याने वेगळ्या कशाला वागवायच्या, म्हणून या दोघांनी एकच सामाईक प्रत केली होती. जागा वाचते, एकाने दुरुस्ती केली की दोघांची होते, आणि कोणी न वापरलेलं महिन्याकाठी आपोआप गाळलं जातं. हेरंबने मात्र हट्टाने स्वतःची प्रत ठेवली. त्या भांडणानंतर वर्षभर बोलणंच नव्हतं.

"मी शेपू टाकला म्हणून आई रागावली होती," तो म्हणाला, "तेव्हा नानांनी हळूच मला स्वतःचं पान दाखवलं. त्यांचाही तसाच होता."

दोघं कौतुकाने ऐकत राहिली.

तेवढ्यात ओसरीवरून भटजींनी हाक दिली, "थोरले चिरंजीव कोण? पाटावर या."

हेरंब वळला. पण मल्हार "आलो" म्हणून उठला, आणि हात धुऊन पाटावर जाऊन बसला.

ताई पदराला हात पुसत पुढे आली.

"तुम्ही नानांच्या ऑफिसातले ना?" तिने अगत्याने विचारलं. "बसा. जेवल्याशिवाय जायचं नाही हं."