तिसरं विमान

"वाहिदभाऊ, रिक्शा फाटकजोडेच लाव," सिंधुबाई म्हणाली. "मन्ही नजर लांब पोचत नही."

वाहिदनं रिक्शा माळावरच्या धावपट्टीच्या कुंपणाला अगदी खेटून लावली. थंडीच्या दिवसांत फौजेची सरावाची जेट विमानं इथं उतरायची, आणि ती बघायला पार खांडबाऱ्यापासून हौशी लोक यायचे. वाहिद त्यांतला सगळ्यांत हौशी. नुसत्या आवाजावरून तो विमान ओळखायचा, आणि चुकला तर दोष वाऱ्यावर ढकलायचा.

सिंधुबाईला विमानांची हौस मुळीच नव्हती. तिला आज एकच विमान बघायचं होतं. भूपेश एकटा उडणार होता. मागच्या हिवाळ्यात त्याचं विमान पडल्यानंतर पहिल्यांदाच.

तिचा नवरा दोधूआप्पा खाली उतरलाच नाही. रिक्शात धावपट्टीकडे पाठ करून बसला.

"तू जाय. मी आठेच बठस."

वर्षभरात आप्पानं त्या पोराशी एक शब्दही काढला नव्हता. सिंधुबाईनं समजावून पाहिलं, रडून पाहिलं, अबोलाही धरला. आप्पा बधला नाही. पण आज सकाळी तो आपणहून टोपी घालून रिक्शात येऊन बसला होता. तिला तेवढंही पुष्कळ होतं.

उडायच्या पोशाखातला भूपेश फाटकाबाहेर आला. बाईच्या पाया पडायला वाकला आणि कमरेत जरासा अडखळला.

"पाठ कशी शे आते?"

"बरी आहे, आई. डॉक्टरांनी परवानगी दिलीय."

तिनं पिशवीतून कळण्याची भाकरी आणि ठेचा काढला. मिरची मागच्या वर्षीची होती, तिच्या लेकानं, हेमकांतनं वाळवलेली. ती संपू नये म्हणून सिंधुबाई चिमटीचिमटीनं वापरायची. भूपेशनं घास घेतला आणि त्याला असा ठसका लागला, की पहाऱ्यावरच्या जवानालाही हसू आलं.

"अजून सवय नाही झाली," तो डोळे पुसत म्हणाला.

"हुई, हुई सवय." मग तिनं घडी घातलेला निळा स्वेटर पुढे केला. "हाऊ हेमकांतना शे. तुले येई. वर थंडी ऱ्हास."

भूपेशनं स्वेटर हातात घेतला. घडी न मोडता छातीशी धरला.

"वरथीन काय दिखस रे?" तिनं सहज विचारलं.

"सगळं बारीक दिसतं. वाळत घातलेल्या मिरच्यांच्या पथारी तेवढ्या लालभडक दिसतात, लांबून."

"आन मानसं?"

तेवढ्यात आतून शिट्टी झाली. "आई, बोलावताहेत," म्हणून तो वळला.

"थांब. एक सांगस तुले," सिंधुबाईनं त्याची बाही धरली. "ह्या खेपले विमान सोडीसन उतरू नको. संगे लई ये."

त्यानं मान हलवली.

त्याला पहिल्यांदा भेटायला ती दवाखान्यात गेली, तो दिवस तिला आठवला. त्याला काय काय बोलायचं ते सगळं वाटेत जुळवून गेली होती. खाटेवर तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. इंजिन बंद पडलं तेव्हा छत्रीनं उडी मारली, म्हणून वाचला. पाठीला पट्टा होता आणि दाढी वाढली होती. तिला बघून तो लहान पोरासारखा रडायला लागला, आणि ते जुळवलेलं सगळं तिनं सोडून दिलं. "मी आता उडणार नाही," तो म्हणाला. तिनं त्याचं तोंड पदरानं पुसलं. "तू घर बठीसन कोनलेच काय मिळाव नही, पोरा. उड."

तीन विमानं एकामागून एक वर गेली. तिसरं भूपेशचं. ती तापीच्या अंगाला दिसेनाशी झाली, आणि सिंधुबाई कुंपणाची जाळी धरून उभी राहिली. वाहिदनं चहा आणला, तो तिच्या हातात गार झाला.

पहिलं आलं. दुसरं आलं.

तिसरं काही येईना. कुंपणापाशी गप्पा मारणारे हौशी लोकही तापीकडे बघू लागले. सिंधुबाईचे ओठ हलत होते. देवाचं नाव काही आठवत नव्हतं, नुसतं "लई ये, लई ये" एवढंच.

"उना! उना!" वाहिद ओरडला.

विमान खाली झेपावलं, चाकं आता जमिनीला लागणार, तोच गर्रकन वर उचललं गेलं आणि डोक्यावरून निघून गेलं. सिंधुबाईनं जाळी घट्ट आवळली.

"घाबरू नको मावशी, परत चक्कर मारी ऱ्हायना," वाहिद म्हणाला.

तिनं मागे पाहिलं. आप्पा रिक्शातून उतरला होता. टोपी हातात घेऊन आभाळाकडे बघत उभा होता.

दुसऱ्या खेपेला विमान अलगद टेकलं. धावत गेलं, हळू झालं, थांबलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सिंधुबाई खाली मातीत बसली आणि मोकळी रडली.

भूपेश पळतच फाटकाशी आला. पोशाखाच्या गळ्यातून निळा स्वेटर डोकावत होता.

"आणलं, आई! सोडलं नाही!"

तेवढ्यात आप्पा सावकाश चालत जाळीपाशी आला. स्वेटरकडे बघत राहिला. मग जाळीतून बोटं घालून त्यानं स्वेटरची कड चाचपली. आप्पा आज बोलणार होता.

"पोरा, खरं सांगजो," तो म्हणाला. "त्या दिन तू उडी मारी, आन तुन्हं विमान आम्हनी पथारीवर पडनं... त्याना आगोदर, खाले मिरच्या पलटाडणारा मन्हा हेमकांत तुले दिखना व्हता का रे?"