ओळखीचं वाजवा

वरात चौकात पोहोचली तेव्हा नवरदेवाची बहीण मोबाइल नाचवत माझ्या बेंजोपाशी आली. "काका, हे वाजवता येईल का?"

आमच्या बेंजो पार्टीत हे नेहमीचंच. लोक गाणं सांगतात, आम्ही वाजवतो. कधी चुकून मनातलं काही वाजवलं, की लगेच कुणीतरी ओरडतं, "ओ, ओळखीचं वाजवा की!"

मी मोबाइल कानाला लावला. ती माझी धून होती. माझी मुलगी स्नेहल मेंदीचे रील टाकते. सिनेमाची गाणी लावली, की कॉपीराइटमुळे तिच्या रीलचा आवाजच बंद व्हायचा. वैतागून मीच तिला माझं थोडं वाजवून दिलं होतं. पुढे त्याचं काय झालं, विचारलंही नव्हतं.

"सगळे ह्याच्यावरच रील करतात," नवरदेवाची बहीण म्हणाली. "जमेल ना? जसंच्या तसं हवं हं!"

"बघतो प्रयत्न करून," मी म्हणालो आणि ढोलकीवाल्याला खूण केली.

अख्खी वरात नाचायला लागली. रीलमध्ये होतं तेवढं वाजवून झालं, पण हात थांबेना. त्या दिवशी स्नेहलनं "बास आप्पा, एवढंच बसतं" म्हणून कापलेलं पुढचंही सगळं वाजवलं. कुणी ओरडलं नाही.

नवरदेवाची बहीण घामाघूम होऊन परत आली, पुन्हा मोबाइल कानाला लावून बघितला.

"काका, ह्यात तर एवढंच आहे. पुढचं तुम्हाला कसं माहीत?"