बिस्किटसाठी स्थळ

हॉइटनं गाठ मारलेला उशीचा अभ्रा स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला आणि अभ्रा हलला.

"नर आहे," तो म्हणाला. "निरोगी. नीट पारखून आणलाय."

व्हर्ना बघतच राहिली. सापाचं तिला काय नवल? तिचा नवरा लमार यानं उभा जन्म मक्याच्या कोठारांत सापडणारे हे बिनविषारी साप घरात पाळले होते. नवल हॉइटचं होतं. कुंपणापलीकडचा हा म्हातारा तीस वर्षांत तिची पायरी चढला नव्हता. लमारला त्यानं एकदा आपल्या कोठारातून हळूच बाहेर पडताना धरलं होतं आणि चारचौघांत चोर म्हटलं होतं. तेव्हापासून दोन्ही घरांतून विस्तव जात नव्हता.

पण लमार जाऊन आता दीड वर्ष झालं होतं, आणि व्हर्नाला काय हवंय ते रविवारच्या चर्चमधून गावभर झालं होतं.

लमारनं एक रंग जपला होता. सापाच्या अंगावरचं केशरी पार जाऊन तिथं फिकट जांभळं, राखेची झाक असलेलं. त्या वंशातला पहिला साप कुठून आणला ते त्यानं बायकोलाही सांगितलं नाही, आणि पुढं एकही पिल्लू कुणाला दिलं नाही. तो गेला त्याच हिवाळ्यात बर्फानं विजेच्या तारा तुटल्या. पाच दिवस घर गारठलं आणि सगळे साप मेले. वाचली ती एकच मादी, बिस्किट, कारण तिला व्हर्नानं छातीशी धरून रजईत घेतलं होतं. बिस्किट दिसायला साधी केशरी. तिची आई जांभळी होती, म्हणून तो रंग तिच्या रक्तात होता, पण झाकलेला.

झाकलेला रंग पिल्लाच्या अंगावर यायचा तर तो आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो. म्हणजे नवरासुद्धा तोच रंग पोटात घेऊन आलेला हवा. आणि व्हर्नाला थांबायला वेळ नव्हता. तिची नजर उतरत चालली होती. पुढच्या हिवाळ्यापर्यंतच दिसेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्याआधी तिला तो रंग एकदा, फक्त एकदा बघायचा होता.

मुलगा डेल यानं सवाना शहरातून आधीच एक स्थळ आणलं होतं. पांढराशुभ्र नर, सात पिढ्यांच्या कागदांसह. व्हर्नानं वहीत चौकटी आखून पाहिलं. त्याच्या कुळात जांभळा कुठंच नव्हता. पहिली पिल्लं सगळी साधी निघणार, मग ती वाढवायची, त्यातला नर परत आईशी जुळवायचा. तीन वर्षं कुठं गेली नाहीत.

"आणि हा?" डेलनं अभ्र्याकडे बोट दाखवलं. "ना कूळ ना मूळ. अगं आई, हॉइटकाकांना लाल-हिरवं सारखंच दिसतं. टोमॅटो पिकलाय का ते दाबून बघतात. यांनी निवडलेला नवरा बिस्किटला करणार तू?"

"दाबून कळतो ना? झालं तर मग," हॉइट म्हणाला आणि बर्फ घातलेला गोड चहा पीत राहिला.

व्हर्नानं गाठ सोडली. आत साधा केशरी नर. लमारचा पहिला साप इथलाच, याच नदीकाठचा असणार, कारण त्या काळी त्याच्याकडे गाडीसुद्धा नव्हती. एवढाच काय तो आधार. ती डेलला म्हणाली, "तुझा पांढरा मला तीन वर्षांनी आंधळेपणी नातवंडं देणार. याचं मला काहीच माहीत नाही. म्हणजे निदान 'नाही' असं तरी माहीत नाही."

एप्रिलमध्ये दोघांना एकत्र सोडलं. जूनमध्ये बिस्किटनं सोळा अंडी घातली. ओल्या शेवाळाच्या खोक्यात ती ठेवून व्हर्ना रोज बसायची. जुलैत तिला शेगडीच्या बटणावरचे आकडे दिसेनासे झाले. डेलनं पांढऱ्याचा विषय पुन्हा काढला नाही, हे त्याचं चांगलंच म्हणायचं.

ऑगस्टमधल्या एका दुपारी पहिल्या अंड्याला चीर पडली. इवलंसं नाक बाहेर आलं, दम खात थांबलं, परत आत गेलं. केशरी. दुसरं केशरी. तिसरंही. डेल प्रत्येक वेळी रंग सांगत होता आणि व्हर्ना नुसती मान हलवत होती. नवव्याला त्यानं तिचा हात धरून तिला खोक्याजवळ ओढलं.

तिनं मोठी बॅटरी पेटवली आणि नाक जवळजवळ खोक्यात खुपसलं. दुधात जांभूळ कुस्करावं तसा रंग होता. चिरेतून तो हळूहळू बाहेर सरकत होता, वीतभर लांब, ओला, जिवंत. हे आपल्या स्वयंपाकघरात घडतंय यावर तिचा विश्वास बसेना. इतक्या लहान जिवाला कुणी सांगितलं, की असा हो म्हणून? संध्याकाळपर्यंत सोळांत चार जांभळी निघाली. ती मनसोक्त रडली आणि डेलला म्हणाली, "जा, हॉइटला बोलाव."

हॉइट आला, टोपी काढून खोक्यावर वाकला. बराच वेळ बघून म्हणाला, "यातली खास कुठली? मला तर सगळी सारखीच."

"अंगाकडे नका बघू, डोळ्यांत बघा." व्हर्नानं बॅटरी धरली. "बाकीच्यांचे काळेभोर. या चौघांचे आतून पेटल्यासारखे."

हॉइट एकेका पिल्लाच्या डोळ्यांत बघत गेला. मग सावकाश खुर्चीत बसला.

"असे डोळे असणं चांगलं असतं?" त्यानं विचारलं. "आमच्या कोठारात पत्र्याखाली जे साप आहेत त्या सगळ्यांचे असेच आहेत, व्हर्नाबाई. मला वाटलं काहीतरी रोग आहे. दोन दिवस शोधलं तेव्हा कुठं एक धडधाकट सापडला, तो तुमच्यासाठी आणला."